उपसंचालक जागेवर नाहीत

"उपसंचालक जागेवर नाहीत," कर्णानं लांबूनच जाहीर केलं आणि झाडावरचे कावळे उडाले. त्याला सगळे उगाच कर्णा म्हणत नव्हते.

"हळू बोल रे," भिंग म्हणाली. नाकावर घसरलेला जाड चष्मा तिनं बोटानं वर ढकलला. "खरे उपसंचालक ऐकतील."

"ते कुठे जागेवर असतात? मी आपल्या उपसंचालकांबद्दल बोलतोय. कप्तानच पळाला, आता होडीत कोण बसणार?"

होडीचा बेत सुट्टी लागली त्याच दिवशी ठरला होता. संशोधन संस्थेत औषधं आणि रसायनं थर्माकोलच्या खोक्यांतून येत आणि रिकामी खोकी मागच्या आवारात साठत. त्या खोक्यांची होडी बांधायची, ती कारंज्याच्या हौदात सोडायची आणि कप्तान म्हणून उपसंचालकांना बसवायचं, हे तिघांनी एकमतानं मंजूर केलं होतं. उपसंचालकांचं मत कोणी विचारलं नव्हतं.

उपसंचालक म्हणजे राखाडी रंगाचा एक गलेलठ्ठ बोका. मुख्य इमारतीच्या मागच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक लोखंडी जाळी होती आणि जाळीखाली दगडी कट्टा. थंडी सुरू झाली की बोका त्या कट्ट्यावर बैठक मारायचा. डोळे अर्धे मिटलेले, मिशा फेंदारलेल्या आणि चेहरा असा, की सगळ्या संस्थेचा भार याच्याच डोक्यावर आहे. हाक मारली तर एक डोळा उघडून बघायचा आणि परत मिटायचा. खरे उपसंचालकही असंच करतात, असं कर्णाचं म्हणणं होतं. त्याचे बाबा फाटकावर दरवान, त्यामुळे त्याच्या म्हणण्याला वजन होतं. भिंगची आई ग्रंथालयात होती आणि झिपरीची आई टेलिफोनवर. तिघांचीही घरं संस्थेच्या वसाहतीत, एकाच जिन्यावर.

झिपरी मात्र होडीचं सगळं विसरून कट्ट्याकडे धावली. तिनं जाळीवर तळवा ठेवला. मग दुसरा ठेवला.

"काय झालं गं?" भिंगनं विचारलं.

"गार आहे," झिपरी म्हणाली. "वारा येतच नाहीये."

जाळीपलीकडे एक छोटी खोली होती आणि खोलीत माणसापेक्षा उंच असा पांढरा फ्रीझर. कागदोपत्री त्याला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण संस्थेत सगळे त्याला मागचं कपाट म्हणत. कपाटाच्या पोटात भयंकर थंडी, बर्फालाही हुडहुडी भरेल इतकी. ती थंडी राखताना त्याची पाठ तापायची आणि तो गरम वारा पंख्यानं जाळीतून बाहेर यायचा. उपसंचालकांची बैठक तिथे का, हे त्यावरून कोणालाही कळेल. पण झिपरी तिथे रोज का येते, हे फक्त भिंगला आणि कर्णाला माहीत होतं.

त्या कपाटात झिपरीचे बाबा होते. म्हणजे, त्यांचा अगदी थोडासा भाग.

बाबा शहरबस चालवायचे. मग त्यांना एक आजार झाला. त्याचं नावसुद्धा डॉक्टर आपापसांत वाद घालून ठरवत होते. या संस्थेत त्या आजाराचा अभ्यास चालायचा. इथल्या संशोधक पेशीबाईंनी बाबांच्या दंडावरून वाटाण्याएवढा कातडीचा तुकडा घेतला आणि त्यातल्या पेशी वाढवून, छोट्या छोट्या नळ्यांत भरून, गोठवून ठेवल्या. नळीला टोपण कुठल्या रंगाचं लावू, असं त्यांनी बाबांना गमतीनं विचारलं होतं. बाबा म्हणाले, "पिवळं. माझी पोरगी मला पिवळ्या टोपीवरूनच ओळखते."

ते खरंच होतं. शाळा सुटताना फाटकात पालकांची ही गर्दी असायची. बाबा मुद्दाम पिवळीधमक लोकरीची टोपी घालून यायचे, उन्हाळ्यातसुद्धा. झिपरी पायरीवर उभी राहून गर्दीत पिवळं शोधायची. ते दिसलं की धावत सुटायची.

आता बाबा नव्हते. आईला संस्थेत नोकरी मिळाली होती आणि दोघी वसाहतीत राहायला आल्या होत्या. झिपरीला बाबांची फार आठवण यायची. शाळा असली की आठवण शाळा सुटताना यायची. सुट्टीत मात्र त्या आठवणीला काही वेळकाळच नसायचा. मग झिपरी कट्ट्यावर उपसंचालकांच्या शेजारी जाऊन बसायची आणि जाळीला पाठ टेकायची. गरम वारा मानेवर यायचा. आत पिवळ्या टोपणांच्या नळ्या आहेत, एवढं तिला पुरायचं. पुरायचं म्हणजे, पुरवून घ्यायला लागायचं.

पेशीबाईंनी तिला वचन दिलं होतं. संस्थेचा वर्धापनदिन झाला की त्या आजारावरचं नवं काम सुरू होणार होतं आणि पिवळी नळी पहिल्यांदा बाहेर निघणार होती. "सूक्ष्मदर्शकाखाली पहिली नजर तुझी," असं त्या म्हणाल्या होत्या. वर्धापनदिन उद्यावर आला होता.

"काल तर आतून पीं-पीं आवाज येत होता," कर्णा म्हणाला. "डोकं उठवलं होतं त्यानं."

"काल संध्याकाळी उपसंचालकही होते," झिपरी म्हणाली. "मी पाहिलंय."

भिंगनं जाळीला कान लावला. पंखा नाही, घरघर नाही, पीं-पीं नाही. काहीच नाही.

उपसंचालक सापडले ते उपाहारगृहाच्या मागे. चुलीच्या धुराड्यालगतच्या खिडकीत ते लोळत पडले होते.

"बदली झाली वाटतं," कर्णा म्हणाला. "स्वयंपाक विभागात."

"ऊब गेली म्हणून ते गेले," भिंग म्हणाली. "म्हणजे कपाट बंद पडलंय. रात्रीपासून."

झिपरी बोटांवर तास मोजायला लागली. पेशीबाईंनी तिला एकदा सांगितलं होतं की कपाट बंद पडलं आणि दार लागलेलं राहिलं, तर आतली थंडी दिवसभर कशीबशी तग धरते. त्यापुढे नळ्यांतलं सगळं वितळायला लागतं. रात्र तर गेलीच होती.

मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर समारंभकाका उभे होते. एरवी ते कार्यालयात बसायचे, पण गेले काही दिवस सगळा समारंभ त्यांच्या डोक्यावर होता आणि तो डोक्यावर घेऊन ते सगळीकडे फिरत होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, एका कानाला फोन.

"काका, मागचं कपाट बंद आहे," झिपरी धापा टाकत म्हणाली.

"बरं मग?"

"बंद आहे काका, पूर्ण बंद!"

"अगं, कपाट बंदच असायला हवं. उघडं ठेवायचं का? मीच काल बंद करायला सांगितलं. दिवसभर ठणाणा करत होतं. आता बघ कसं शांत आहे."

झिपरीनं त्यांची बाही धरली. "पण आतलं सगळं खराब होईल!"

"उघड्या कपाटात खराब होईल. बंद कपाटात काय होणार आहे? निघा आता. आणि गालिच्यावर पाय देऊ नका, उद्या त्यावरून पाहुणे चालणार आहेत."

तिघं बाजूला झाली. "मुद्दाम बंद केलं?" कर्णा म्हणाला आणि त्याच्या मानानं तो कुजबुजलाच होता. "मोठी माणसं अशी कशी?"

झिपरीला रडू यायला लागलं होतं. भिंग मात्र चष्मा काढून फ्रॉकला पुसत राहिली. ती चष्मा पुसायला लागली की काहीतरी शिजत असतं, हे दोघांना ठाऊक होतं.

"'उघडं ठेवायचं का' असं का म्हणाले ते?" ती शेवटी म्हणाली. "यंत्राबद्दल बोलताना कोणी उघडं म्हणतं? चालू म्हणतं. उघडं दाराला म्हणतात. काल पीं-पीं का वाजत होतं?"

"दार नीट लागलं नाही की वाजतं," झिपरी म्हणाली. "पेशीबाईंनी सांगितलंय."

"बरोबर. म्हणून काका कुणाला तरी म्हणाले, कपाट बंद करा. म्हणजे दार लावा. आणि ज्याला सांगितलं तो..."

"तो दिवा बंद करतात तसं बंद करून आला," झिपरी म्हणाली.

"मग तो असा माणूस हवा," कर्णा म्हणाला, "ज्याच्यासाठी बंद करायचं म्हणजे बटणच."

तिघांनी एकाच वेळी वर पाहिलं. शिडीवर दिवेवाले मामा रंगीत दिव्यांची माळ सोडवत बसले होते.

"मामा," भिंगनं गोड आवाजात विचारलं, "मागचं कपाट तुम्ही बंद केलंत का हो?"

"केलं की," मामा खूश होऊन म्हणाले. "साहेबांनी सांगितलं, लगेच केलं. माझं काम अर्धवट नसतं. भिंतीतलं बटण बंद केलं, त्या ओरडणाऱ्या डबीचंही बंद केलं, वरून वायर काढून गुंडाळून ठेवली. उद्या कुणाच्या पायात यायला नको."

"दार?"

"दाराचं काय? ते जरा फटीत होतं, ढकललं तर लागलं."

"मामा, ते परत चालू करा ना! आत्ताच्या आत्ता!"

मामांनी वरूनच मान हलवली. "साहेबांनी बंद केलेलं मी चालू करायचं? नाही बाबा. आणि खोलीची किल्ली त्यांच्याच कमरेला आहे."

तिघं पुन्हा समारंभकाकांकडे धावली. काका आता फोनवर कुणाला तरी फुलांच्या कुंड्यांवरून झापत होते. झिपरीनं तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "एक शब्द नको. काय असेल ते समारंभ झाल्यावर."

समारंभ झाल्यावर काही उरणार नव्हतं.

झिपरी आईकडे गेली. आई दारालगतच्या टेलिफोनच्या टेबलाशी बसली होती आणि तिच्या समोरचे सगळे फोन एकदमच वाजत होते. पिवळ्या नळ्यांबद्दल घरात कधी बोलणं व्हायचं नाही. आईनं तो विषय कधी काढला नव्हता आणि इमारतीच्या मागच्या बाजूलाही ती कधी फिरकली नव्हती. म्हणून झिपरीनं नुसतंच सांगितलं, "आई, मागचं कपाट रात्रीपासून बंद आहे."

आईच्या हातातला रिसीव्हर तसाच राहिला. "ते?"

"हो. तेच."

आईनं पेशीबाईंचा नंबर फिरवला. पेशीबाई विमानात होत्या, संध्याकाळशिवाय उतरणार नव्हत्या. यंत्रांचे अभियंते सुट्टीवर होते आणि त्यांच्या घरी कोणी फोन उचलत नव्हतं. आई पुढचा नंबर फिरवू लागली.

"मी इथून कुणाला तरी गाठतेच," ती म्हणाली. "तू जा. काकांना कसंही करून त्या खोलीपर्यंत ने. काय वाटेल ते कर."

आई याआधी कधी "काय वाटेल ते कर" असं म्हणाल्याचं झिपरीला आठवत नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा तिचं रडू थांबलं होतं.

"काकांना खोलीपर्यंत न्यायचंय," तिनं सांगितलं. "ते कशासाठी धावत येतील?"

"पाहुण्यांसाठी," भिंग म्हणाली.

"पाहुणे उद्या येणार," कर्णा म्हणाला. "आज ते फक्त उपसंचालकांना घाबरतात. उद्याचं स्वागताचं भाषण त्यांचं आहे आणि मागच्या वर्षी ते ऐनवेळी..." तो मध्येच थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "आपण खोटं बोलायचंच नाही. मी फक्त सकाळचंच वाक्य परत म्हणतो."

तो पायऱ्यांखाली उभा राहिला, छाती भरून घेतली आणि आवाज सोडला. "काका! उपसंचालक जागेवर नाहीत!"

समारंभकाकांचा फोन हातातून सुटता सुटता राहिला. "काय? नाहीत म्हणजे?"

"सकाळपासून नाहीत. रोज मागच्या खोलीपाशी असतात, आज तिथेही नाहीत."

"मागच्या खोलीपाशी? तिथे काय करतात ते?"

"झोपतात," कर्णा गंभीरपणे म्हणाला.

काकांनी डोळे मिटले. उपसंचालकांबद्दल त्यांनी बरंच काही ऐकलेलं असावं, कारण हेही त्यांना फारसं अशक्य वाटलं नाही. "आत तर अडकले नसतील ना? काल मी खोलीला कुलूप लावायला सांगितलं!"

"कुणास ठाऊक," भिंग म्हणाली. "किल्ली तुमच्याकडेच आहे."

काका गालिच्यावरून धावत सुटले. पाय न पुसता.

खोलीचं कुलूप उघडलं. आत अंधार होता आणि कोंडलेली शांतता. काकांनी दिवा लावला, कोपऱ्यात बघितलं, कपाटाच्या मागे बघितलं. "कुठे आहेत उपसंचालक?"

"उपाहारगृहाच्या खिडकीत," झिपरी म्हणाली. "ते बोका आहेत काका. पण ते इथून का गेले ते बघा ना. दारावर दिवा नाही, आवाज नाही. कपाट बंद आहे."

"तुम्ही मला एका बोक्यासाठी..." काकांचा आवाज चढला आणि तिथेच अडकला. कपाटाच्या डोक्यावर एक काळी वायर होती. सुबक गुंडाळलेली, वर गाठसुद्धा मारलेली.

काकांनी ती गाठ बोटानं चाचपून बघितली.

"मी दार म्हटलं होतं," ते हळूच म्हणाले. "म्हणजे, म्हटलं नव्हतं. पण दारच म्हणायचं होतं. बंद करा म्हणजे..." त्यांच्या कपाळावर घाम आला. "अरे देवा. सगळ्या संस्थेच्या नळ्या आहेत यात. बघू तरी आत काय झालंय!" आणि त्यांनी कपाटाच्या दांड्याला हात घातला.

झिपरी मध्ये शिरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"उघडायचं नाही."

"सरक बाळा, बघू तर दे."

"नाही. आतली थंडी एकदा बाहेर गेली की गेलीच. पेशीबाई म्हणतात, बंद पडलं तर काहीही करा, दार उघडू नका. जी थंडी उरलीय तीच त्यांना सांभाळतेय."

हे ती काकांना सांगत होती आणि स्वतःलाही सांगत होती. इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती. रोज मध्ये भिंत असायची, जाळी असायची. आज फक्त एक दार होतं आणि ते ओढलं की उघडणार होतं. काका म्हणत होते तसं एकदाच, अगदी पटकन बघितलं असतं तर? पिवळा रंग लांबूनही दिसतो, तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक होतं? तिला खूप खूप बघावंसं वाटत होतं. तिनं पाठ आणखी घट्ट दाबली.

"आधी वायर लावा," ती म्हणाली. ती हलली नाही.

भिंगनं वायर सोडवली. कर्णानं एक हाक मारली आणि दिवेवाले मामा शिडीवरून उतरून थेट खोलीत हजर झाले. त्यांनी काकांकडे बघितलं, काकांनी नुसती मान हलवली. बटणं लागली. क्षणभर काहीच झालं नाही. मग झिपरीच्या पाठीमागे कपाट थरथरलं, खाकरलं आणि घरघर सुरू झाली. दारावरच्या काचेत लाल आकडा उमटला. तो बराच वर चढलेला होता, पण त्याच्या आधीची उणेची खूण अजून शाबूत होती.

"वाचलं का सगळं?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही," झिपरी म्हणाली.

ती कट्ट्यावर जाऊन बसली आणि मग उठलीच नाही. दुपार सरली. जाळीतून आधी कोमट आणि मग गरम वारा येऊ लागला. फोन शांत झाल्यावर आई आली, हातात झिपरीचा स्वेटर घेऊन. तिनं कट्टा बघितला, जाळी बघितली. मग पदर आवरून ती लेकीच्या शेजारी बसली.

"रोज इथे बसतेस?"

"हो. तू का येत नाहीस?"

आईनं स्वेटर झिपरीच्या खांद्यांवर घातला. "एकदा आले असते तर रोज यावंसं वाटलं असतं," ती म्हणाली. "मग फोन कोणी उचलले असते?"

उपाहारगृहातून भांड्यांचा आवाज येत होता. "बाबा असते तर एव्हाना तिथे शिरले असते," झिपरी म्हणाली आणि आई हसली. बाबांचं जेवण हा घरातला एक कार्यक्रमच होता. त्यांच्या ताटात काही उरायचं नाही. शिवाय झिपरीच्या ताटातलं नको असलेलं आणि आईच्या पातेल्याच्या तळाला लागलेलंही तेच संपवायचे. आपल्याकडे भांडी घासायची गरजच नाही, असं आई तेव्हा म्हणायची.

दिवेलागणीला पेशीबाई आल्या, सरळ विमानतळावरून, हातातल्या बॅगेसकट. काकांनी त्यांना सगळं सांगितलं, स्वतःची चूकही सांगितली. पेशीबाईंनी आकडा वाचला आणि ओठ मिटले.

"दार कोणी उघडलं?"

"कोणीच नाही," काका म्हणाले. "या मुलीनं उघडू दिलं नाही."

पेशीबाई झिपरीसमोर वाकल्या. "बाळ, खरं सांगते. नुसतं बघून काही कळत नाही. एक नळी काढून, पेशींना ऊब देऊन, जेवण देऊन बघावं लागेल. त्या जगल्या तर बाकीच्याही जगल्या. कुठलीही नळी चालेल. तुला भीती वाटत असेल तर मी दुसऱ्या रंगाची काढते."

पेशीबाई कायम पेशींच्या जेवणाबद्दल बोलायच्या. ते जेवण म्हणजे गुलाबी रंगाचं पाणी. ते द्यायला त्या सुट्टीच्या दिवशीही यायच्या आणि आल्यावर सगळ्यांना सांगायच्या, माझी मंडळी उपाशी आहेत.

झिपरीनं आईकडे बघितलं. दुसऱ्या रंगाची काढली असती तर आशा तरी राहिली असती. पण मग पुन्हा जाळीला पाठ टेकून बसायचं आणि पुन्हा काही माहीत नसायचं.

"पिवळी काढा," आई म्हणाली.

दार उघडलं. पांढरं धुकं फरशीवर सांडलं आणि त्या धुक्यात, निळ्या-हिरव्या टोपणांच्या गर्दीत, झिपरीला पिवळं दिसलं. तेवढ्यात पेशीबाईंचा हात आत जाऊन बाहेर आला आणि दार लागलंसुद्धा. पण तिला सापडलं होतं. पायरीवरून सापडायचं तसंच.

दुसऱ्या दिवशी समारंभ थाटात झाला. संचालकांनी तिघांना मंचावर बोलावलं आणि मोठ्या माणसांनी न बघितलेली गोष्ट या मुलांनी बघितली, म्हणून सगळ्या संस्थेच्या वतीनं त्यांचे आभार मानले. समारंभकाकांनी स्वतः पुढे होऊन टाळ्या सुरू केल्या. खरे उपसंचालक वेळेवर आले होते. "काल मी जागेवर नसल्याचं सगळ्या आवारात ऐकू गेलं," ते भाषणात म्हणाले, "म्हणून आज पहाटेपासून इथेच बसलोय." होडी हौदात सोडायची परवानगी तिथेच, सगळ्यांसमोर मिळाली. मागच्या कपाटावर काकांनी स्वतःच्या हातानं मोठी पाटी लावली होती: 'दार लावा. बटणाला हात लावू नका.' 'बंद' हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

सगळे कौतुक करत होते आणि झिपरी हसत होती, पण तिचं लक्ष वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीकडे होतं. पेशींना स्थिरावायला वेळ लागतो, असं पेशीबाई म्हणाल्या होत्या. वाट बघण्यावाचून इलाज नव्हता.

बोलावणं आलं तेव्हा तिघं होडीत उपसंचालकांना बसवायच्या खटपटीत होती. उपसंचालक पुन्हा कट्ट्यावर रुजू झाले होते आणि तिथून हलायला तयार नव्हते. झिपरी ओल्या पायांनीच आईला घेऊन वर गेली. भिंग आणि कर्णा दाराशी थांबले. कर्णानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता.

पेशीबाईंनी एक चपटी, पारदर्शक डबी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिच्या तळाला गुलाबी पाणी होतं. "मेलेल्या पेशी गोल होतात आणि वर तरंगतात," त्या म्हणाल्या. "जिवंत असतात त्या तळाला धरून बसतात. आता तूच बघ आणि मला सांग."

झिपरीनं डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग पेशीबाईंनी चकती जराशी फिरवली आणि उजेडात आकार उमटले. लांबट, चपटे, टोकं ताणलेले, शेजारी शेजारी पसरलेले. एकही तरंगत नव्हता.

"धरून बसल्यात," ती म्हणाली. मग तिला पुढचं काही दिसेना, कारण सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर पाणी पडलं होतं. ते पेशीबाईंनी स्वतःच्या रुमालानं पुसलं.

"आई, तू बघ."

आई स्टुलावर बसली. तिनं खूप वेळ बघितलं, इतका वेळ की दाराशी कर्णाची चुळबुळ सुरू झाली. मग डोळा न काढताच तिनं विचारलं, "यांना जेवण वेळेवर देता ना?"

"अगदी वेळेवर," पेशीबाई म्हणाल्या. "कालच दिलं."

"नीट खातात?"

"खातात? सगळं संपवून मोकळे. आज सकाळी बघते तर पुन्हा भुकेले."

आईचा खांदा हलला. झिपरीला आधी वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती, आणि थोडी रडतही होती. तिनं हात मागे करून झिपरीचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"मग तेच आहेत," आई म्हणाली.